उरलेलं पीठ

पिशवीत पीठ उरलं होतं.

तसं पाहिलं तर यात दचकण्यासारखं काहीच नव्हतं. रविवारची सकाळ, ओट्यावर कोवळं ऊन, ओव्हन तापत ठेवलेला, आतल्या खोलीत बायको आणि पोर निजलेल्या, आणि हातात पिठाची कागदी पिशवी. तिच्या तळाशी तीनेक मुठी पीठ. घरात पीठ उरलं म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही, बिघडतं ते संपलं म्हणून. तरी तो पिशवी धरून तसाच उभा राहिला. पिशवी किलोची. मागच्या रविवारी फोडली तेव्हा त्याने अर्धा किलो काढलं, आज अर्धा किलो काढलं. अर्धा आणि अर्धा मिळून एक, हे त्याला पहिलीत शिकवलं होतं आणि त्यानंतर ते कुणी बदलल्याचं कानावर आलेलं नव्हतं. पिशवी रिकामी व्हायला हवी होती. झटकून, घडी घालून, कचऱ्यात जायला हवी होती. त्याने आत हात घातला, जणू डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून बोटांची साक्ष काढावी. पीठ बोटांना गार लागलं. मागच्या पिशवीतही थोडं उरलं होतं, हे त्याला आता आठवलं. अगदी थोडं, ओट्यावर भुरभुरायला पुरेल एवढं. तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. गिरणीवाल्याने दोन चिमट्या जास्त घातल्या, भला माणूस. पण गिरणीवाला म्हणजे काही सासुरवाडीचा माणूस नव्हे, दर खेपेला आग्रह करून वाढायला. मग पीठ उरलं कसं?

त्याने वाडग्यात पाहिलं. कणीक सैल होती. सैल म्हणजे मळताना हाताला चिकटून पार मनगटापर्यंत चढलेली, आणि सोडली की हातपाय पसरून बसणारी. पाणी तर तो काचेच्या मापाने घेतो, त्या मापावरची रेघ काही हलत नाही. तरी गेले काही रविवार पाव बसतच चालला होता. पहिला चेंडूसारखा टम्म आला होता, दुसरा टोपीसारखा, आणि मागच्या रविवारी ओव्हनमधून जे निघालं ते पाहून बायको म्हणाली होती, "हा खायचा आहे की दाराशी टाकायचा?" तो हसला होता. हवेत ओल आहे, यीस्ट जुनं झालंय, ओव्हनचं दार नीट लागत नाही, अशी एकेक कारणं त्याने पाहुण्यांना वाढावीत तशी वाढली होती. आता पिशवी डाव्या हातात आणि कणकीने माखलेला उजवा हात अधांतरी, असा तो उभा होता. पीठ कमी पडत होतं म्हणून कणीक सैल होत होती. पीठ कमी पडत होतं म्हणून पिशवीत उरत होतं. म्हणजे अर्धा किलो अर्धा किलो नव्हतं. त्याची नजर वाडग्यावरून, पिशवीवरून, मापावरून फिरत फिरत ओव्हनच्या वरच्या फळीकडे गेली आणि तिथल्या काट्यापाशी येऊन थांबली. लगेच त्याने ती काढून घेतली, अनोळखी बाईकडे टक लावून पाहताना पकडलं गेल्यासारखी.

काटा जुना होता. गोल तबकडी, पांढऱ्यावर काळे आकडे, वर पत्र्याचं ताट, आणि बाजूला शून्यावर आणायचं एक दातेरी चाक. तो त्याला एका भट्टीवाल्याने दिला होता. त्या भट्टीची मालाची लिफ्ट मध्येच अडकायची आणि ती दुरुस्त करायला तो चार-सहा वेळा गेला होता. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. तेव्हा पोर अजून दवाखान्यातच होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली, काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जाळ्यात. आत फक्त आईला बसू देत. बाप म्हणून त्याच्या वाट्याला आलं होतं ते बाहेरचं बाकडं आणि रिकामे रविवार. भट्टीवाल्याने त्याचा चेहरा पाहिला असावा. "साहेब, पाव करायला शिका," तो म्हणाला. "हात गुंतले की डोकं गप्प बसतं. हा घ्या काटा. मला आता विजेवरचा आलाय, हा नुसता माशा मारतोय." आणि खरंच, कणीक तिंबायला लागल्यावर डोकं गप्प बसलं. दर रविवारी तो मळायचा, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा, आणि फडकं हळूहळू वर उचललं जाताना पाहत बसायचा. काहीतरी वाढतंय, आपल्या हातांनी केलेलं काहीतरी, कुणाला न विचारता, नळ्यांशिवाय वाढतंय, एवढं त्या दिवसांत त्याला पुरे होतं. मग पोर घरी आली. सासूने तिला पाहिलं, ओंजळीत घेतलं आणि म्हणाली, "अगबाई, ही तर छटाकभर!" तेव्हापासून ती छटाकीच झाली. कागदोपत्री ठेवलेलं नाव कागदावरच राहिलं.

छटाकीला काट्यावर ठेवायची कल्पना त्याचीच. दवाखान्यातून निघताना तिथल्या काट्याने अडीच किलो दाखवलं होतं. घरी आल्या आल्या त्याने वाडग्यात मऊ पंचा घातला, काटा शून्यावर आणला आणि तिला अलगद आत निजवलं. अडीच! त्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू काटा त्यानेच घडवला होता. "बघ, दवाखान्याशी जुळला." एकदा जुळला, म्हणजे कायमचा जुळला. यापुढे विचारायचं कारण उरलं नव्हतं. मग दर रविवारी पाव ओव्हनमध्ये गेला की वाडगं धुऊन पुसून छटाकी त्यात जायची, तो खाली वाकून तबकडी वाचायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि तोच आकडा फोनवरून सासूला जायचा. आकडा दर रविवारी चढत होता. मागच्या रविवारी आकड्याने तीनला हात लावला तेव्हा त्याने बायकोला स्वयंपाकघरातच गोल फिरवलं होतं. छटाकी मात्र वाडग्यात डोळे मिटून पडली होती. गुणाची पोर. रडत नाही, छळत नाही, सारखी झोपलेली. येणारे-जाणारे म्हणत, नशीबवान आहात. खालच्या मजल्यावरचा घड्याळजी तर म्हणाला होता, "आमच्याकडे पोर आहे हे घड्याळांनाही माहीत होतं. तुमच्याकडे आहे, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं."

ते चाक. त्याच्या अंगठ्याला ते चाक आठवलं. डोक्याच्या आधी अंगठ्याला. पहिल्यांदा काटा शून्यावर आणायला ते नखभर फिरवावं लागलं होतं, नंतर थोडं जास्त, मग आणखी जास्त, आणि मागच्या रविवारी तर अंगठा उचलून पुन्हा टेकवावा लागला होता. दर रविवारी रिकामा काटा शून्याच्या पुढे येऊन उभा असायचा, उंबऱ्यावर येऊन खोळंबलेल्या माणसासारखा, आणि दर रविवारी त्याने त्याला अंगठ्याने मागे ढकललं होतं. काय सांगायला आलास, हे एकदाही न विचारता. आणि हे कोण करत होतं? ज्याला धंद्याच्या पहिल्याच वर्षी वस्तादाने डोक्यावर टपली मारून शिकवलं होतं तो. वस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली तो लिफ्ट शिकला तो म्हातारा. कानाला बहिरा, पण मोटरच्या घरघरीत खोट असली तर झोपेतून उठायचा. म्हणायचा, "शून्यावर परत न येणारी स्प्रिंग म्हणजे लाच खाल्लेला साक्षीदार. बोलेल, खूप बोलेल, खरं नाही बोलणार." आणि म्हणायचा, "तबकडी काय सांगते ते मला सांगू नकोस, वजन टाकून बघ." लिफ्टच्या तपासणीला आजही तो स्वतः लोखंडी वजनं डब्यात रचतो, ब्रेक धरतो की नाही ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करत नाही, मालक घड्याळ दाखवू लागले तरी जागचा हलत नाही. लोकांच्या घरी एवढा काटेकोर, आणि आपल्या घरी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण इथे दिव्याखाली काय होतं, याचा विचार करायला मन तयार नव्हतं. ते पुन्हा पुन्हा पिशवीकडे पळत होतं. पीठच तर आहे. पीठच उरलंय ना?

कपाटात साखरेचं न फोडलेलं पुडकं होतं. एक किलो. ते कपाटात आहे हे त्याला माहीत होतं, आणि ते काढून काट्यावर ठेवायला चार पावलंही लागणार नव्हती. त्याने नळ सोडला. हात धुतले. बोटांच्या बेचक्यांत अडकलेली कणीक सुटेना, ती त्याने सावकाश, एकेक बोट करून काढली. फडकं पिळून वाडग्यावर घातलं, त्याचे कोपरे नीट केले. ओव्हनचं दार उघडून पुन्हा लावलं. घरात किती आवाज असतात. फ्रीजची गुणगुण, खिडकीच्या तावदानावर आपटणारी माशी, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली. फक्त आतल्या खोलीतून काही नाही. तो श्वास धरून ऐकत राहिला. एवढीशी पोर एवढी शांत, कशी बरं? कालपर्यंत त्या शांततेला तो गुण म्हणत होता. आज तीच शांतता दाराशी येऊन उभी राहिली आणि त्याला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

फोन वाजला तसा तो एवढ्या जोराने दचकला की मापातलं उरलेलं पाणी ओट्यावर सांडलं. सासूच होती. रविवारी या सुमाराला दुसरं कोण असणार!

"काय जावईबापू, पाव फुगला का? आणि आमची छटाकी? आज किती भरली?"

"अजून... झोपलीये, आई."

"झोपू द्या, झोपू द्या. झोपेतच वाढतात बाळं. गेल्या रविवारी तीन म्हणालात ना? मी आमच्या शिंपिणीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. म्हणते, टोपडं शिवायला माप घेतलं तेव्हा लिंबाएवढं डोकं होतं! म्हटलं, बाई, आमचे जावई लिफ्टवाले. वर चढवायचंच काम त्यांचं." आणि ती आपल्याच विनोदावर खळखळून हसली.

"आई, मी ठेवतो जरा."

"ठेवा, ठेवा. आकडा तेवढा कळवा हं. त्याच्याशिवाय मला घास गिळवत नाही."

फोन ठेवल्यावर त्याने पुडकं काढलं. काटा फळीवरून उतरवून ओट्यावर ठेवला. त्याचा पत्रा कोमट होता. पोरीच्या कपड्यांसाठी टेबल रिकामं करताना तो ओव्हनच्या वर नेऊन ठेवला होता, तेव्हापासून महिनाभर उबेतच बसला होता. रिकामा काटा शून्याच्या पुढे उभा. अंगठा सवयीने चाकाकडे गेला, त्याने ते फिरवलं, शून्य. मग पुडकं ठेवलं. काटा झर्रकन पुढे गेला, थरथरला, किलोपाशी थांबेल असं वाटलं, आणि थांबला नाही. मग सावकाश, कुठल्याही लाजेशिवाय, एक किलो दोनशेवर जाऊन उभा राहिला. त्याने पुडकं उचललं, पुन्हा ठेवलं. एक किलो दोनशे. मिठाचं अर्ध्या किलोचं पाकीट होतं, तेही ठेवून पाहिलं. सहाशे. म्हणजे चुकण्यातही इमानदार होता बिचारा. प्रत्येकाला सारख्याच प्रमाणात फुगवून सांगत होता. आणि एकाएकी त्याला ते स्वच्छ दिसलं, उघड्या यंत्रात कुठला दात झिजलाय ते दिसावं तसं. तबकडीवर आकडे पाचपर्यंत होते, पण हा जुना काटा जन्मभर भट्टीवाल्याचे मसाले, मूठ-दोन मुठी, तोलत आलेला. त्यावर त्याने दर रविवारी वाडगं, पंचा आणि एक जिवंत पोर ठेवली होती. झेपेल त्यापेक्षा जास्त ओढलेली स्प्रिंग आधी कुरकुरते, मग सैल पडते. छटाकीला तोलता तोलताच काटा बिघडत गेला होता, आणि जितका बिघडत गेला तितकं गोड बोलत गेला.

मागच्या रविवारचे तीन. त्याला भागाकार करायचा नव्हता. भागाकार आपोआप झाला, ओला कागद आपोआप फाटतो तसा. अडीच. म्हणजे घरी आणली तेव्हा होती तेवढीच. म्हणजे गेला सगळा महिना, चढलेले सगळे आकडे, ते गोल फिरणं, शिंपिणीला सांगितलेली बातमी, सगळं त्या थकलेल्या स्प्रिंगचं होतं. पोरीचं त्यात काही नव्हतं. पोर जिथे होती तिथेच पडून होती, वाडग्यात डोळे मिटून. रडत नव्हती, कारण रडायलाही अंगात काही लागतं.

आणि बायको सांगत होती. हे सगळ्यात वाईट. ती सांगतच होती. पहिल्यांदा म्हणाली, "अरे, ही हाताला जड लागत नाही." मग म्हणाली, "दूध ओढताना मध्येच झोपते बघ." मग एका संध्याकाळी, पोरीला न्हाऊ घालून पुसताना, पाठमोरी उभी राहून म्हणाली, "हिची हाडं लागतात मला." आणि दर वेळी तो काय म्हणाला? तिच्या खांद्यावर हात ठेवून, समजूतदारपणे, किती समजूतदारपणे! "तू दमलीयेस. हात काय म्हणतात ते सोड, काटा काय म्हणतो ते बघ." ती भूगोलाची शिक्षिका. आकड्यांना मान देणारी बाई. तिने काट्याकडे पाहिलं होतं आणि आपल्या हातांवर अविश्वास दाखवायला शिकली होती. दवाखान्यातल्या परिचारिकेचाही फोन आला होता, दर आठवड्याला वजनाला आणा म्हणून. त्यानेच सांगितलं, घरी तोलतो आम्ही, वाढतंय छान, तिथे खोकणारी पोरं असतात, पुढच्या महिन्यात आणू. "घरचा काटा बरोबर आहे ना?" असं तिने विचारलं होतं. आणि तो हसून म्हणाला होता, "बाई, माझा धंदाच तो आहे." हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. त्याने बायकोच्या हातातलं काकण झाकून तिच्यासमोर आरसा धरला होता, आणि आरसाच वाकडा निघाला.

त्या स्वप्नाचं काय मग? गेले काही दिवस ते येत होतं आणि सकाळी चहाबरोबर त्याने ते गंमत म्हणून सांगितलं होतं. स्वप्नात तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा असतो, तळाशी, तेलकट काळोखात, आणि वर पाहतो तर डबा चाललेला असतो. खाली नाही, वर. लोकांना भय वाटतं लिफ्ट पडण्याचं. लिफ्टवाल्याला भय असतं ते वर जाण्याचं. डब्याच्या पाठीशी लोखंडाचं एक वजन लोंबत असतं, रिकाम्या डब्यापेक्षा जड. ब्रेक सुटला तर भरलेला डबा खाली येतो, पण रिकामा डबा वर जातो, सुसाट, आणि माथ्याला जाऊन धडकतो. स्वप्नात डबा आवाज न करता वर चाललेला असतो, आणि डब्याची फरशी आरपार दिसत असते. तिच्यावर वाडगं, ओल्या फडक्याने झाकलेलं. त्याला ओरडायचं असतं, वजन टाका, कुणीतरी आत वजन टाका! पण तोंडात कणीक भरलेली असते. सांगून झाल्यावर तो स्वतःच हसला होता. बायको हसली नव्हती.

"डब्यात कोण होतं?" तिने विचारलं होतं.

"कुणी नाही. वाडगं होतं नुसतं."

"कुठलं वाडगं?"

"आपलंच गं. पिठाचं."

तिने कपातल्या चहाकडे पाहिलं. "मग डबा रिकामा कसा?"

त्याने तिच्या ताटलीत पावाचा तुकडा ठेवला होता आणि विषय बदलला होता. देव माणसाला सांगत नाही असं नाही. देव फार वेळा सांगतो, झोपेत सांगतो, बायकोच्या तोंडून सांगतो, शेवटी मूठभर पिठातून सांगतो. ऐकणारा तबकडी वाचण्यात गुंतलेला असतो, एवढंच.

आतून पावलं आली. साखरेचं पुडकं काट्यावरच होतं. ते उचलावं की राहू द्यावं, हे ठरायच्या आत बायको दारात होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर छटाकी, कापडाची घडी टाकावी तशी. तिच्या चेहऱ्यावर तो हल्लीचा भाव, काहीतरी विचारायचंय पण उत्तर आधीच माहीत आहे असा.

"आज अजून दूधच मागितलं नाही हिने," ती म्हणाली. "मीच उठवलं. दोनदा ओढलं आणि झोपली." मग तिने वाडग्याकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं. "पाव नंतर कर. आधी हिला तोल ना एकदा. आकडा कळला म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल."

किती सोपं होतं ते! पुडकं उचलायचं, पंचा घालायचा, चाक फिरवायचं. काट्याने तीन म्हटलं असतं, तीनच्या वरही म्हटलं असतं. तिचा चेहरा निवळला असता. ती चहा प्यायली असती, घटकाभर तरी सुखाने. आणि मग तो काहीतरी निमित्त काढून, हवापालट म्हणून, सहज म्हणून, त्या दोघींना दवाखान्यात घेऊन गेला असता, आणि काटा आजच बिघडला म्हणता आलं असतं. हे सगळं त्याच्या मनात एका श्वासात येऊन गेलं. त्याला स्वतःचं आश्चर्य वाटलं, एवढं तयार खोटं आत कुठे रचून ठेवलेलं होतं! बायको हात पुढे करून उभी होती. पोरीचा एक पाय पंच्याबाहेर आला होता. तो पाय त्याने पाहिला. रोज पाहत होता, तरी आज पाहिला. मांडीवरची कातडी मोठ्या माणसाचा मोजा लहान पायात घातल्यासारखी चुणलेली.

"नको," तो म्हणाला. "काटा खोटा आहे."

"म्हणजे?"

त्याने पुडक्याकडे बोट दाखवलं. पुडक्यावर छापलेलं होतं, एक किलो. तबकडीवर दिसत होतं, एक किलो दोनशे. ती जवळ आली, वाकली, वाचलं, पुन्हा वाचलं. नकाशाचं प्रमाण पोरांना शिकवणारी बाई. भागाकार तिने त्याच्यापेक्षा लवकर केला. तिच्या ओठांचा रंग गेला तेव्हा तो समजला, झाला भागाकार.

"कधीपासून?"

"माहीत नाही. हळूहळू झालं असणार."

"म्हणजे मी म्हणत होते तेव्हापासून." तिने ते विचारलं नव्हतं. तो काही बोलणार तेवढ्यात तिने पोरीला छातीशी घट्ट ओढलं. "आता नको. काही नको बोलूस. ओव्हन बंद कर आणि गाडी काढ."

रस्ता कसा संपला ते त्याला कळलं नाही. प्रत्येक सिग्नल वैऱ्यासारखा, आणि मागच्या सीटवरून बायकोचा आवाज, बारीक, सारखा, "ए छटाकी, ए बाई, डोळे उघड, इकडे बघ." दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर त्याच्या कानांनी आपणहून ब्रेक ऐकला, मोटर ऐकली. सगळं ठीक होतं. तो आत शिरला तेव्हा डबा किंचित दबला होता. बायको शिरली तेव्हाही दबला. छटाकी त्या डब्याला कळलीसुद्धा नाही. दार मिटलं, डबा वर जाऊ लागला, आणि त्याने भिंतीची दांडी एवढी घट्ट धरली की बायकोने त्याच्या हाताकडे पाहिलं. ती एक पाऊल सरकून त्याला लागून उभी राहिली. क्षमा म्हणून नव्हे. आधाराला भिंत लागते म्हणून.

परिचारिका तीच निघाली, फोनवरची. आवाजावरून ओळखली. तिनेही ओळखलं असावं. तिने पोरीचे कपडे उतरवले, काट्यावर निजवलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी तबकडी त्याला वाचायची नव्हती. "दोन किलो चारशे ऐंशी," ती म्हणाली, आणि मग नुसतं, "बरं." त्या 'बरं'मध्ये शिवी असती तर त्याला सोसली असती. डॉक्टरीणबाई आली, तरुण, भराभर हात चालवणारी. पोरीची कातडी चिमटीत धरून सोडली, तोंडात बोट घालून पाहिलं, टाळूवर हात फिरवला, बायकोला दोनचार प्रश्न विचारले. "दूध ओढायची ताकदच राहिलेली नाही हिला. नळीने देऊ, सलाईन लावू, रक्त पाहू. आज आणलंत ते बरं केलंत."

"आज नसतं आणलं तर?" त्याने विचारलं. बायकोने त्याच्याकडे झटकन पाहिलं.

डॉक्टरीणबाईने हातमोजे ओढून काढले. "आज आणलंत," ती पुन्हा म्हणाली, आणि पडद्याआड गेली.

मग पुन्हा तेच बाकडं. जन्माच्या वेळचं. तीच हिरवी भिंत, तेच खिळ्याने कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र. हातांना कणकीचा आंबूस वास येत होता. नखांत पांढरं वाळलं होतं. घरी फडक्याखाली कणीक फुगत असेल, त्याला वाटलं. कुणी विचारायला नाही, फुगेल, कडेवरून ओसंडेल, आणि मग आपल्याच हवेने खचून बसेल. फुगणं वेगळं आणि वाढणं वेगळं, एवढी साधी गोष्ट. ती कळायला त्याला पोटची पोर पणाला लावावी लागली. हात जोडावेत असं त्याच्या मनात आलं, पण त्या हातांचीच त्याला लाज वाटली. ते मांडीवर उताणे ठेवून तो बसून राहिला, आणि ओठ न हलवता एवढंच म्हणत राहिला, वजन टाक, देवा, डब्यात थोडं वजन टाक.

आवाज आला तो आधी मांजराचा वाटला. मग मांजराचा राहिला नाही. चिरका, संतापलेला, भांडायला उठल्यासारखा, असा आवाज त्यांच्या घरात महिनाभरात कुणी ऐकला नव्हता. तो उठून पडद्यापाशी गेला. नाकात नळी, हाताला पट्टी, आणि छटाकी लालबुंद होऊन आख्ख्या जगाला बोल लावत होती. परिचारिका पहिल्यांदाच हसली. "आता रडते बघा कशी! पोटात चार थेंब गेले ना, लगेच आवाज फुटला. रडू दे, रडू दे. आता ही छळणार तुम्हाला."

बायको बाजूला उभी होती. गाल ओले, पण त्याच्याकडे वळून पाहताना डोळे कोरडे. "हात धुऊन ये," ती म्हणाली. "कोपरापर्यंत."

तो धुऊन आला. तिने नळी सांभाळत पोरीला उचललं आणि त्याच्या हातांत दिलं. त्याने तिला किती वेळा वाडग्यात ठेवलं होतं, वाडग्यातून काढलं होतं. ठेवण्या-काढण्यापुरतं. डोळे नेहमी तबकडीवर.

"किती?" बायकोने विचारलं.

त्याची मान भिंतीशी ठेवलेल्या काट्याकडे वळली.

"तिकडे नको बघूस. तुझ्या हातांना विचार."

पोरीचं डोकं त्याच्या तळव्यात, पाठीचे मणी बोटांखाली, एकेक मोजता यावा असे. आत काहीतरी भराभर धडधडत होतं. ती अजून हुंदके देत होती आणि प्रत्येक हुंदक्याबरोबर तिचं सगळं अंग त्याच्या हातात उडत होतं.

"हलकी आहे," तो म्हणाला. "फार हलकी आहे गं."

"हं." तिने पंच्याचं टोक पोरीच्या पायावर ओढलं. "आता रोज धरायचं असं. आधी मी, मग तू, आणि मग काटा."

त्याच्या खिशात फोन वाजू लागला. हात मोकळा नव्हता, म्हणून तिनेच तो काढला, नाव पाहिलं आणि कानाला लावला. पलीकडचा आवाज त्यालाही ऐकू आला, उत्साही, लाडिक, काय हो जावईबापू, विसरलात ना, किती भरली आमची?

"आई, मी बोलतेय," बायको म्हणाली. "आज आकडा नाही. दवाखान्यात आहोत. तू ये." ती क्षणभर ऐकत राहिली, मग तिची नजर त्याच्यावर आली आणि तिथेच टेकून राहिली. "नाही, एकटी नाहीये. तो आहे. त्याच्याच हातात आहे ती."

रडून रडून छटाकी थकली आणि हळूहळू गप्प झाली. ही शांतता त्या शांततेसारखी नव्हती. अधूनमधून ती कुरकुरत होती, ओठांनी हवेतच काहीतरी शोधत होती. परिचारिकेने स्टूल पुढे सरकवलं, बसा म्हणाली, तो बसला नाही. एवढीशी ती, लिफ्टलाही न कळणारी. तरी थोड्या वेळाने त्याचे खांदे अवघडले आणि हात भरून आले. त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि तिला खालीही ठेवलं नाही.